झाकण मिटत नाही

वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने महाविद्यालयाच्या अंकासाठी लिहायचे म्हटले की संपादक मंडळाची मागणी ठरलेली असते : ‘सर, काहीतरी मनोरंजक द्या. वनस्पतींमधली गंमत वगैरे.’ गेल्या वर्षी मी हे काम टाळले. यंदा टाळता आले नाही. गंमत लिहायची म्हणूनच बसलो होतो, पण हातून कबुलीजबाबच उतरू लागला. तो तसाच अंकाकडे देत आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावा, अशी विनंती करण्याचे मात्र कारण नाही. तो गोड नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाही परीक्षेत ‘कीटकभक्षी वनस्पती’ यावर टीप विचारली होती. पन्नास-साठ उत्तरपत्रिकांत एकच टीप होती, कारण पुस्तक एकच होते. “घटपर्णीच्या पानाच्या टोकाला घट असतो. घटाला झाकण असते. कीटक आत शिरताच झाकण मिटते. मग पाचक रसाने कीटकाचे पचन होते.” चार वाक्ये, दोन गुण, प्रत्येक वाक्याला अर्धा. एका मुलीने पहिली दोन व शेवटचे वाक्य बरोबर लिहिले होते. तिसऱ्याच्या जागी तिने लिहिले होते, “झाकण हलत नाही.” मी लाल शाईने त्याखाली रेघ ओढली, समासात फुली मारली आणि अर्धा गुण कापला.

उत्तरपत्रिका वाटल्यावर ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“सर, हे चुकलं कसं?”

“अगं, झाकण मिटतं. पुस्तकात स्पष्ट दिलंय.”

“पण सर, मी बघितलंय. माझा आतेभाऊ फोंड्याला नर्सरीत कामाला आहे. तिथं टांगलेल्या कुंडीत हे झाड होतं. मी काडी घालून बघितली, मुंगी पण सोडली. झाकण होतं तिथंच राहिलं.”

“कुंडीतलं झाड, मलूल झालेलं असेल. परीक्षेत पुस्तकात आहे ते लिहावं.”

ती क्षणभर थांबली, “बरं सर” म्हणाली आणि गेली. अर्धा गुण मी दिला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी एका वनस्पतिउद्यानात घटपर्णीच्या कुंडीसमोर उभे राहण्याचा योग आला. तोपर्यंत मी ही वनस्पती पाहिली होती ती प्रयोगशाळेच्या कपाटात, फॉर्मॅलिनच्या बाटलीत. रंग गेलेला, झाकण एका बाजूला कललेले, चिठ्ठीवरची शाई पुसट झालेली. बाटलीतल्या घटाचे झाकण मिटते की नाही हे कोण तपासणार? उद्यानात मात्र जिवंत रोप होते. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून मी गवताची काडी उचलली आणि घटात घातली. मग झाकणाच्या खालच्या बाजूस टोचले. मग एक मुंगी धरून आत टाकली. वीस-पंचवीस मिनिटे उभा होतो. मुंगी बुडाली. झाकण जागचे हलले नाही.

मुलगी बरोबर होती. घटपर्णीचा घट कोवळा असताना झाकण घट्ट बंद असते. घट पूर्ण वाढला की ते एकदा उघडते, आणि घट वाळून जाईपर्यंत उघडेच राहते. कीटक आला म्हणून ते मिटत नाही, पाऊस आला म्हणून नाही, रात्र झाली म्हणूनही नाही. ते मिटवण्यासाठी लागणारी काही यंत्रणाच तिथे नाही.

मग हे मिटणारे झाकण आपल्या पुस्तकांत आले कोठून? या प्रश्नामागे लागलो तेव्हा एक चमत्कारिक योगायोग हाती लागला, आणि त्याचे एक टोक आपल्या शेजारच्या गोव्यातच निघाले.

झुआंव द लौरेरू नावाचे एक पोर्तुगीज जेझुइट पाद्री अठराव्या शतकात धर्मकार्यासाठी पूर्वेकडे आले. काही वर्षे गोव्यात आणि काही वर्षे मकावला काढून १७४२ साली ते कोचीनचीनला, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या मुलखात गेले आणि तेथे सुमारे पस्तीस वर्षे राहिले. युरोपातली औषधे तिथवर पोचत नसत, म्हणून ते स्थानिक झाडपाला ओळखू लागले. त्यातूनच मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ घडला. मायदेशी परतल्यावर १७९० साली लिस्बनमध्ये त्यांचा कोचीनचीनच्या वनस्पतींवरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी तिथल्या दलदलीत उगवणाऱ्या एका घटपर्णीला नाव दिले : ‘फिलॅम्फोरा मिराबिलिस’. ग्रीक ‘फिलॉन’ म्हणजे पान, ‘अँफोरा’ म्हणजे दोन कानांचा घडा. आपल्या मराठी ‘घटपर्णी’ शब्दाचेच हे ग्रीक भावंड म्हणायचे. ‘मिराबिलिस’ म्हणजे अद्भुत. पुढे ही वनस्पती ‘नेपेंथिस’ या प्रजातीत घेतली गेली आणि आज तिचे शास्त्रीय नाव ‘नेपेंथिस मिराबिलिस’ असे आहे. याच ग्रंथात लौरेरूंनी लिहून ठेवले, की या घटाचे झाकण हलते, उघडते आणि मिटते.

लौरेरूंची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. दुर्बीण नाही, ग्रंथालय नाही, शंका विचारायला समव्यवसायी नाही, अशा अवस्थेत पस्तीस वर्षे एका माणसाने शेकडो वनस्पतींची नोंद केली. एकाच रोपावर कोवळे बंद घट आणि वाढलेले उघडे घट दोन्ही दिसतात. सकाळी बंद दिसलेला घट दोन दिवसांनी उघडा दिसला, तर ‘हे झाकण उघडते व मिटते’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांची चूक अशीच झाली असावी, असा माझा तर्क आहे. ती पाहणाऱ्याची चूक होती. आमची चूक न पाहणाऱ्याची आहे, आणि दोहोंत फार अंतर आहे.

हे अंतर अधिक खटकते ते या वनस्पतीच्या प्रसारामुळे. नेपेंथिसच्या दीडशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. पुष्कळशा जाती एखाद्या बेटावर किंवा एखाद्याच डोंगरमाथ्यावर सापडतात. मिराबिलिस त्याला अपवाद आहे. दक्षिण चीन व हाँगकाँगपासून व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड, मलाया, सुमात्रा, बोर्निओ, फिलिपीन्स, न्यू गिनी असा तिचा पसारा आहे. पूर्वेस प्रशांत महासागरातील पलाऊ व याप बेटांवर ती आहे, दक्षिणेस ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क द्वीपकल्पावर आहे. चीनमध्ये घटपर्णीची हीच एकमेव जात. एवढा विस्तार या प्रजातीत दुसऱ्या कोणत्याही जातीचा नाही. जागेच्या बाबतीतही ती चोखंदळ नाही. दलदल, ओले माळ, भातशेतीच्या कडा, रस्त्यासाठी कापलेल्या दरडी, जंगल तोडल्यावर उजाड झालेल्या जमिनी, कुठेही ती मूळ धरते. जिला ‘अद्भुत’ म्हटले ती तिच्या गोतावळ्यातली सर्वांत सामान्य निघाली. डझनभर देशांत कोणालाही दाराबाहेर जाऊन काडी घालून पाहता आले असते.

जे लोक तिच्या शेजारी राहतात त्यांनी तिला कोणती नावे दिली पाहा. मलय लोक घटपर्णींना ‘पेरिउक केरा’ म्हणतात, म्हणजे माकडाचे मडके. थाई नाव आहे ‘माकडाची भाताची हंडी, कालवणाची हंडी’. चिनी नावाचा अर्थ डुकराच्या खुराड्याचे झाड. बाजारात डुकरे नेण्यासाठी बांबूच्या लांबट टोपल्या वापरत, तसा या घटाचा आकार. व्हिएतनामी नाव ‘किटलीचे झाकण’. आपल्या मेघालयातल्या घटपर्णीला गारो लोक ‘भुताची टोपली’ म्हणतात. युरोपीय पंडित लिनियस यांनी होमरच्या काव्यातली हेलेन मद्यात जे दुःख विसरायला लावणारे औषध मिसळते, त्यावरून ‘नेपेंथिस’ हे नाव घेतले. आणि आपल्याच अंकाच्या कन्नड विभागातले मित्र तिला ‘हूजी गिड’ म्हणतील. हूजी म्हणजे सुरई. ज्याच्या घरात जे भांडे, ते त्याने या पानात पाहिले. मला या यादीत एक गोष्ट लक्षणीय वाटते. मडके, हंडी, टोपली, सुरई : ही सारी स्थिर भांडी आहेत. जबडा किंवा सापळा यांचे नाव तिला शेजाऱ्यांपैकी कोणी दिलेले यात दिसत नाही. जबडा आम्हांला दिसला, पुस्तकात.

जबड्याची ही ओढ जुनी आहे. १८७४ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने मादागास्करमधल्या माणूस खाणाऱ्या झाडाची भयंकर हकीकत छापली. ती सर्वस्वी कपोलकल्पित होती, तरी पुढे कित्येक वर्षे ती देशोदेशी फिरत राहिली. त्याच वर्षी इंग्लंडचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी बेलफास्टच्या विज्ञान परिषदेत आपले प्रयोग मांडले. घटपर्णीच्या घटात त्यांनी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, कच्चे मांस, कूर्चा असे तुकडे टाकले होते आणि ते विरघळत जातात हे पाहिले होते. एकीकडे न पाहिलेल्या झाडाची रसाळ कहाणी, दुसरीकडे अंड्याच्या तुकड्याकडे दिवसचे दिवस पाहत बसलेला माणूस. कोणाची गोष्ट जास्त वाचली गेली असेल हे सांगायला नको.

विशेष असे, की खरी हकीकत खोट्या हकीकतीपेक्षा काकणभर सरसच आहे. झाकण मिटत नाही, तर मग मुंगी अडकते कशी? घटाच्या तोंडाभोवती एक गुळगुळीत, चकचकीत काठ असतो. त्यावर अगदी बारीक आडव्या पन्हाळ्या असतात. झाकणाच्या खालच्या बाजूस आणि काठाशी मधुरसाच्या ग्रंथी असतात. त्या रसाच्या लोभाने मुंग्या येतात. काठ कोरडा असताना मुंगी खुशाल चालते, रस पिते आणि परत जाते. पण पाऊस पडला, दव साचले, हवा दमट झाली, की त्या पन्हाळ्यांत पाण्याचा पातळ थर पसरतो आणि मुंगीच्या पायाला पकड उरत नाही. ओल्या फरशीवर आपला पाय घसरावा तशी ती घसरते, ती थेट आत. शास्त्रज्ञांनी हे नीट प्रयोगाने दाखवून दिले ते २००४ साली, म्हणजे लौरेरूंच्या ग्रंथानंतर दोनशे चौदा वर्षांनी. म्हणजे घटपर्णी हलत नाही, झडप घालत नाही. ती काठ ओला होण्याची वाट पाहते. कोरड्या काठावरून सुखरूप परतलेल्या मुंग्या वारुळातल्या इतरांनाही वाट दाखवतात, आणि पुढे काठ भिजतो तेव्हा सगळी रांगच पाण्यात जाते. मिटणाऱ्या झाकणाच्या गोष्टीत इतका बेत आहे काय?

झाकणाचेही एक काम आहे. पावसाचे पाणी भरून आतला पाचक रस पातळ होऊ नये म्हणून ते छप्परासारखे असते. ‘नेपेंथिस ग्रासिलिस’ या एका जातीत तर त्याहून मौज आहे. पावसाचा थेंब झाकणावर आदळला की ते ताठ झाकण झटक्याने थरथरते आणि खाली मधुरस पीत लटकलेली मुंगी घटात फेकली जाते. ही गोष्ट २०१२ साली प्रसिद्ध झाली. झाकण हलते ते असे, थेंबाच्या धक्क्याने. आणि तेव्हाही मिटत नाही. कोणी विचारील, म्हणजे तुमच्या पुस्तकात थोडे तरी तथ्य होते की नाही? नव्हते. ज्याने पाहिले त्याला हे सापडले. ज्याने पुस्तकातून पुस्तकात उतरवले त्याला सापडले नाही.

या घटाला आपण नुसता मृत्यूचा डोह समजतो, तेही अर्धेच खरे आहे. त्या पाण्यात डासांच्या अळ्या सुखाने वाढतात. काही कोळी घटाच्या तोंडाशी बिऱ्हाड करतात. बोर्निओतली एक जात चिचुंदरीसारख्या एका प्राण्याची विष्ठा गोळा करते, दुसरी वटवाघळांना दिवसा निवारा देते आणि त्यांच्या विष्ठेवर भागवते, तिसरी झाडांवरून गळलेल्या पाल्यावर बऱ्याच अंशी जगते. ‘कीटकभक्षी’ या एका शब्दाखाली एवढ्या तऱ्हेचे संसार आहेत. या सर्वांच्या मुळाशी कारण एकच : पायाखालची जमीन निःसत्त्व असते. दलदलीत, वाळूत, धुपून गेलेल्या मातीत नत्र मिळत नाही. सकस जमिनीत इतर झाडे तिला मागे टाकतात. निकस जमिनीत इतरांची उपासमार होते आणि ही तगून राहते. हिंसेपेक्षा दारिद्र्याशी तिचा संबंध अधिक आहे.

येथवर आल्यावर मला माझ्या त्या अर्ध्या गुणाचा खरा हिशेब लागला. तो मांडण्यासाठीच हा लेख.

भारतात घटपर्णीची एकच जात निसर्गतः आढळते, ती मेघालयातली ‘नेपेंथिस खासियाना’. ती दुर्मीळ आहे, कायद्याने संरक्षित आहे. सह्याद्रीत एकही घटपर्णी उगवत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्याने ती बाटलीतच पाहिली, तर एक वेळ समजू शकतो. पण बेळगावाहून चोर्ल्याच्या रस्त्याने जांबोटी, कणकुंबी ओलांडा, किंवा आंबोलीला जा. पावसाळ्यात तिथे जांभ्या दगडाचे मोकळे सडे लागतात. वर बोटभर माती, तीही पावसाने धुतलेली. सरकारी दप्तरात अशा जागा बहुधा ‘पडीक’ म्हणून लागतात, आणि आपणही गाडीतून जाताना “इथं काही पिकत नाही” असे म्हणून पुढे जातो. त्या पडीक सड्यावर गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून पाहिले, तर दोन वनस्पती भेटतात.

पहिली दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा. बोटाएवढे रोप, पानांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट त्यावर बसले की चिकटते, आणि मग आजूबाजूचे केस सावकाश वाकून त्याच्या अंगावर येतात. याच वंशातल्या इंग्लंडमधल्या एका जातीवर चार्ल्स डार्विन यांनी १८६० पासून प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवरचा आपला ग्रंथ काढला. केसाच्या अगदी सूक्ष्म तुकड्यानेही ही बोटे वाकतात. पावसाच्या थेंबाने मात्र वाकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. दुसरी युट्रिक्युलारिया. आपल्याकडे तिच्या जांभळ्या-निळ्या फुलांना ‘सीतेची आसवे’ असे सुंदर नाव आहे. कासच्या पठारावर जाऊन लोक तिची छायाचित्रे काढतात. तिचे फूल सर्वांना दिसते, पण तिचा सापळा दिसत नाही, कारण तो ओल्या मातीत असतो : टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान पिशव्या. पिशवीला दार असते. दाराशी असलेल्या केसाला पाण्यातला सूक्ष्म जीव लागला, की दार आत उघडते, पाण्यासकट जीव आत ओढला जातो आणि दार मिटते. हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात होते. वनस्पतीसृष्टीतल्या अतिशय वेगवान हालचालींपैकी ही एक.

म्हणजे मिटणारे दार होते. ते मलायाच्या दलदलीतल्या घटपर्णीला नव्हते. आपल्या बसच्या चाकाखाली येणाऱ्या सड्यावर होते. आम्ही आमच्या दाराशी असलेली हालचाल दूरदेशीच्या झाडाला चिकटवली, ती पुस्तकातून पाठ केली, आणि त्याच सड्यावर सहलीला जाऊन डबे उघडून बसलो. खाली काय तुडवतो आहोत याचा पत्ता नव्हता. त्यातूनही कोणी ओळखले, तर त्याने जर्नलला चिकटवण्यासाठी मूठभर रोपे उपटली. हेही मी केले आहे. विद्यार्थी असताना आंबोलीहून दवबिंदूचा एक अख्खा जुडगा कागदात घालून आणला होता. घरी येईपर्यंत त्याचा चिकट काळा लगदा झाला. परीक्षकांनी जर्नल उघडून पाहिलेसुद्धा नाही.

आता काही आक्षेप. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “अहो, अर्ध्या गुणाचं एवढं काय घेऊन बसलात? मुलांना पुढं परीक्षा द्यायच्या असतात. तिथं पुस्तकातलंच उत्तर ग्राह्य धरतात. खरं शिकवून त्यांचं नुकसान करायचं का?” या आक्षेपात तथ्य आहे हे मी नाकारीत नाही. तपासणाऱ्याच्या हातात उत्तरसूची असते आणि सूचीशी वाद घालता येत नाही. पण सूची कोण करतो? आपल्यासारखाच एखादा प्राध्यापक, आपल्यासारखेच पुस्तक समोर ठेवून. प्रत्येकाने ‘वरून असेच आले आहे’ म्हटले, तर वर नेमके कोण आहे? शोधत गेलो, तर १७९० सालचे एक भलेबुरे वाक्य हाती लागते.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा. “सर, आम्हांला पाहायला वेळ कुठाय? अभ्यासक्रम संपत नाही.” हेही खरे. पण एक दिवस पुरतो. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात एक रविवार, सकाळची बस, एक भिंग आणि एक वही. बस्स. उपटायचे काही नाही. पाहायचे, चित्र काढायचे आणि जागच्या जागी सोडून यायचे. चित्र काढताना डोळा जेवढे पाहतो तेवढे रोप कागदात दाबून कधी पाहत नाही, हा माझा अनुभव आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्ट स्वतः पाहून मानायची ठरवली तर शास्त्र पुढे जाणार कसे? अणू कोणी पाहिला? पृथ्वीचा गाभा कोणी पाहिला? बरोबर आहे. आपले नव्वद टक्के ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावर उभे असते आणि ते तसेच असणार. त्यात कमीपणा नाही. माझे म्हणणे एवढेच, की दुसऱ्याचा शब्द आणि समोरच्याचे पाहणे यांत विरोध आला, तर निदान तपासून पाहण्याइतका वेळ तरी थांबावे. त्या मुलीने काडी घालून पाहिले होते, मुंगी सोडून पाहिले होते. हूकर यांनी अंड्याचा तुकडा टाकला आणि हिने मुंगी टाकली. पद्धतीत फरक काय? माझ्या साऱ्या वर्गात त्या दिवशी शास्त्रज्ञ एकच होती, आणि मी तिला सांगितले, पुस्तकात आहे ते लिहावे. मी अर्धा गुण कापला हे फार मोठे नाही. “बरं सर” म्हणायला लावले, हे मोठे आहे. ‘पाहिले ते मनात ठेवावे, छापले ते लिहावे’ हा धडा तिने त्या दिवशी माझ्याकडून घेतला असेल, तर चार वर्षांत मी तिला शिकवलेले बाकी सारे त्यापुढे पाणी आहे.

म्हणून दोन सूचना करतो. त्या लहान आहेत आणि कोणाच्या परवानगीवाचून अमलात आणता येण्याजोग्या आहेत.

प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर लिहावे. स्वतः पाहिले असेल तर ‘पा’, वाचले असेल तर ‘वा’. ‘वा’ लिहिण्यात लाज नाही. पण ते ‘वा’ आहे एवढे आपल्याला ठाऊक असावे. माझ्या जुन्या टिपणांवर मी ही अक्षरे घालून पाहिली. एकूण किती ‘पा’ निघाले ते येथे सांगत नाही. शिक्षकांची अब्रू थोडी झाकलेली बरी.

आणि दुसरी, आपल्या या अंकाला मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. सड्यावरच्या गावांतही दोन्ही भाषा बोलल्या जातात, कोकणीही बोलली जाते. तिथल्या गुराख्यांना, म्हाताऱ्यांना या रोपांची नावे असतील, कदाचित नसतीलही. दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून जावे, विचारावे, आणि जी नावे मिळतील ती पुढच्या अंकात दोन्ही लिपींत छापावीत. मलयी माणसाला माकडाचे मडके दिसले, चिनी माणसाला खुराडे दिसले. आपल्या माणसांना काय दिसते, हे आपण अजून त्यांना विचारलेले नाही.

ती मुलगी आता कोठे असते मला ठाऊक नाही. पदवी घेऊन गेली, एवढेच आठवते. हा अंक माजी विद्यार्थ्यांकडेही जातो असे संपादक सांगतात. तेव्हा तिच्या हाती पडला तर तिच्यासाठी चार ओळी :

बाई, तुझे उत्तर बरोबर होते. झाकण मिटत नाही. मीही काडी घालून पाहिले आहे. त्या परीक्षेचे गुणपत्रक आता बदलता येणार नाही, कागदही रद्दीत गेला असेल. पण माझ्या वहीत तुझ्या नावापुढे अर्धा गुण मी वाढवला आहे, आणि त्यापुढे ‘पा’ असे लिहिले आहे.